एका गोल्डन फेझंटच्या कातड्यातून डी नदीचे फ्लाय : हिवाळ्यातल्या कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर : सामान आणि हिशेब

ॲबर्डीनशायरमधल्या डी नदीवर सॅमनचा हंगाम १ फेब्रुवारीला उघडतो आणि १५ ऑक्टोबरला मिटतो. उघडण्याआधी वसंतातल्या पाण्यासाठी फ्लायची, म्हणजे गळावर पिसं आणि केस बांधून केलेल्या नकली आमिषांची, एक पेटी भरायची आहे. त्यात स्टोट्स टेल, ॲलीज श्रिंप, जनरल प्रॅक्टिशनर आणि जुन्या पद्धतीचे थोडे ॲक्रॉइड असतील. या चारही नमुन्यांना एक पक्षी लागतोच, मूळचा मध्य चीनमधला गोल्डन फेझंट. त्याच्या डोक्यावरचा पिवळा तुरा, मानेभोवतीची काळ्या पट्ट्यांची नारिंगी पिसं आणि छातीची लाल पिसं लागतात. मानेच्या पिसांना इथून पुढे टिपेटच म्हणतो, दुकानातही त्याच नावाने मिळतात.

सुटी पाकिटं न घेता या वेळी शेपटीसह पूर्ण कातडं घेतलं. पाकिटातली टिपेट बहुतेक मधल्या आकाराची असतात. १० आणि १२ क्रमांकाच्या गळांना (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो) लागणारी बारीक टिपेट त्यात जवळपास नसतात. तुऱ्यांच्या पाकिटात निम्मे तुरे दबून वाकडे झालेले असतात. कातड्यावर मात्र एकाच पक्ष्याची, एकाच छटेची पिसं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मिळतात.

खर्च : कातडं ४२ पौंड, ब्लू इअर्ड फेझंटची हॅकल (गळाभोवती वेढायची पिसं) ९, लेडी ॲमहर्स्ट फेझंटची टिपेट ७, रिंगनेक फेझंट नराच्या शेपटीची पिसं २, काळा आणि नारिंगी आम्लरंग ८, पिंजऱ्यात पैदास केलेल्या राखी रानकोंबड्याची मानेची पिसं १४. गळ, धागा, टिन्सेल (चमकती जर) वगळून ८२ पौंड.

कातडं घेताना चार गोष्टी बघा. तुरा मुळापासून लवचीक हवा आणि मध्येच मोडलेला नसावा. टिपेटची बाहेरची काळी कड अखंड हवी. कातड्याची आतली बाजू कोरडी हवी. तिथे पिवळट तेलकट डाग दिसला तर चरबी नीट खरवडलेली नाही, आणि तो तेलकटपणा वर्षभरात पिसांच्या मुळापर्यंत चढतो. चौथी गोष्ट पिसांच्या मुळाशी बारीक वाळूसारखी भुकटी, म्हणजे कसर लागल्याची खूण. असं कातडं फुकट मिळालं तरी घरात आणू नका. शिवाय पक्षी दुसऱ्या वर्षाच्या पुढचा नर हवा. पहिल्या वर्षी नराला पूर्ण रंग आलेला नसतो.

कातडं दुकानातून आलं तसंच दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये टाकलं. बाकीची पिसंही त्याच्याबरोबर. मुक्काम दोन आठवडे.

२३ नोव्हेंबर : फ्रीझरबाहेर, धुणं

पिशवी बाहेर काढून न उघडता रात्रभर खोलीत ठेवली. गार पिशवी लगेच उघडली तर हवेतली वाफ पिसांवर धरते, कातडं ओलं होतं आणि आतून बुरशी येते. हा एक दिवस वाचवण्यात अर्थ नाही.

पतंगाची अंडी एका गोठवण्यात सगळी मरतीलच असं नाही. म्हणून दोन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवून पुन्हा आठवडाभर गोठवायचं. दरम्यान कामाला लागणारी मान आणि डोकं वेगळं कापून घेतलं, बाकीचं पुन्हा आत गेलं. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. त्यांनी कीड थोपते, मरेलच असं नाही, आणि प्लॅस्टिकच्या डब्या मात्र चिकट होतात.

मानेच्या कातड्याला आतून किंचित तेल होतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रावाचे काही थेंब टाकून पिसांच्या दिशेने हात फिरवत धुतलं, दोनदा साध्या पाण्यातून काढलं, टॉवेलमध्ये दाबलं आणि केस वाळवायच्या यंत्राच्या गार झोतावर वाळवलं. गरम झोत तुऱ्यांच्या टोकांना कुरळं करतो. धुतल्यावर टिपेटचा नारिंगी रंग लक्षात येण्याइतका उजळला.

वाळवायला खिडकीत ठेवू नका. गोल्डन फेझंटचा रंग उन्हाने उतरतो. जिवंत पक्षी पाळणारेही त्याला सावली देतात ते त्यासाठीच. मागच्या हिवाळ्यात टेबलावर उघडी राहिलेली टिपेट शेजारी धरून पाहिली, तर ती विटकरीकडे झुकलेली होती.

२६ नोव्हेंबर : वर्गवारी

या कामाचा निकाल इथेच लागतो. कातड्यावरून लागेल तसं एकेक पीस उपटत बांधायला बसलं की हाताला मोठी, सुंदर पिसं आधी येतात आणि ती लहान गळांवर कापून वाया जातात. म्हणून बांधायला सुरुवात करण्याआधी सगळी मान रिकामी केली आणि पिसं गळाच्या क्रमांकानुसार पाकिटांत घातली.

तुरे : मुळाची कापशी पिसं सोडून लांबी मोजायची. ८ क्रमांकाच्या डबल (दोन टोकांच्या) गळावर शेपटीसाठी दिसणारा भाग ११ ते १२ मिलिमीटर पुरतो, ६ क्रमांकाला १४, ॲक्रॉइडच्या लांब दांड्याच्या १ क्रमांकाला २२ ते २५. डोक्याच्या पुढच्या भागातले तुरे आखूड असतात, मागचे लांब. लांब तुरा कापून आखूड करता येत नाही. तुऱ्याचं टोकच चमकतं आणि कापलेलं टोक बोथट दिसतं. आखूड तुरे म्हणूनच जपायचे.

टिपेट : लहान, मध्यम, मोठी. शिवाय चौथं पाकीट, एका बाजूची कड फाटलेल्यांचं. ती अख्खी वापरता येत नाहीत, पण ॲक्रॉइडच्या शेपटीतल्या सुट्या तंतूंना उत्तम. चांगली टिपेट तंतूंसाठी फोडायची गरज नाही.

छातीची लाल पिसं : सपाट आणि वाकडी अशी दोन पाकिटं. कंबरेची पिवळी पिसं मऊ हॅकल म्हणून गळ्याखाली चालतात, ती वेगळी. शेपटीच्या बाजूची लांब, अरुंद, शेंदरी पिसं मोठ्या फ्लायसाठी राखली. मानेखालची हिरवी पिसं या पेटीत कुठेच लागत नाहीत. तीही पाकिटात गेली.

जवळजवळ पूर्ण संध्याकाळ यात जाते. पुढे प्रत्येक फ्लायमागे ती परत मिळते.

२९ नोव्हेंबर : तुऱ्यांचा बाक

कातड्यावरचे तुरे एका प्रतलात नसतात. डावीकडचे डावीकडे आणि उजवीकडचे उजवीकडे पिळलेले असतात. असा तुरा शेपटीत बांधला की तो कितीही नीट धरला तरी फ्लायच्या बाजूला कलतो.

उपाय जुना आहे आणि तोच खरा. तुरा पाण्यात बुडवून दोन बोटांतून ओढायचा, म्हणजे तंतू एकत्र चिकटतात. मग तो छोट्या काचेच्या पेल्याच्या आतल्या भिंतीला आडवा चिकटवायचा, टोकाचा बाक पेल्याच्या गोलाईबरोबर जाईल असा. रात्रभरात वाळून तो त्याच बाकात आणि एकाच प्रतलात सुटतो. ८ क्रमांकाच्या शेपट्यांना सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा पेला घेतला, ॲक्रॉइडच्या लांब तुऱ्यांना रुंद बरणी.

तीन सूचना. केसांचं जेल किंवा साबण लावू नका. तुरा कडक होतो आणि पाण्यात पुन्हा मूळच्या वळणावर जातो. पेला हीटरवर ठेवू नका. घाईने वाळवलेले तुरे बांधताना मुळाशी तुटले, एक पूर्ण पेला वाया गेला. आणि सुटवताना टोकाकडून नव्हे, मुळाकडून नखाने सोडवा.

२ डिसेंबर : स्टोट्स टेल, ८ आणि १० क्रमांक

सोप्यापासून सुरुवात. डबल गळ, काळा धागा. शेपटीला सोनेरी तुरा, अंगाला काळं फ्लॉस (सैल रेशमी धागा), त्यावर बारीक चंदेरी ओव्हल टिन्सेलचे पाच वेढे, गळ्याखाली काळी हॅकल, वर काळ्या खारीच्या शेपटीचे केस. केसांची लांबी तुऱ्याच्या टोकापर्यंत, पुढे नाही.

तुरा बांधताना तीन अडचणी येतात.

पहिली, तुरा पलीकडे लोळतो. पिसाची दांडी गोल असते आणि धाग्याचा प्रत्येक वेढा तिला पलीकडे ढकलतो. बांधायच्या जागी दांडी सपाट पकडीने एकदाच दाबून चपटी केली की लोळणं थांबतं. शिवाय तुरा गळाच्या मध्यावर न धरता किंचित आपल्याकडे धरायचा, पहिले दोन वेढे सैल टाकायचे आणि तिसऱ्याने ओढायचं. धागाच त्याला मध्यावर आणतो. पकडीचे जबडे दातेरी असतील तर दांडी कापली जाते. गुळगुळीत जबड्यांची पकड घ्या.

दुसरी, तुरा सरळ आकाशाकडे उभा राहतो. धागा गळाच्या वाकात उतरला की असं होतं. धाग्याची बैठक टोकाच्या उलट्या काट्याच्या बरोबर वर संपवायची, एक वेढाही खाली नाही. तरीही उठत असेल तर तुऱ्याच्या बुडाखाली नाही, वरून एक वेढा कमी ताणाने टाका.

तिसरी, अंग गाठाळ होतं. तुऱ्याची उरलेली दांडी शेपटीजवळच कापली तर तिथे पायरी पडते आणि फ्लॉस त्यावरून घसरतं. दांडी पूर्ण अंगभर पुढे नेऊन नेढ्याच्या २ मिलिमीटर आधी कापली. टिन्सेलचं टोकही तसंच पुढे नेलं. अंग एकसारखं आलं.

सगळ्या गळांचे उलटे काटे बांधण्याआधीच दाबून टाकले. डीवर पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडला जातो, आणि दाबलेला काटा माशाच्या तोंडातून न फाडता निघतो. बांधून झाल्यावर दाबायला गेलं तर कधी गळाचं टोक मोडतं आणि तयार फ्लाय टाकून द्यावा लागतो.

७ डिसेंबर : ॲलीज श्रिंप

स्कॉटलंडचे ॲलिस्टर गोवन्स यांनी १९८० च्या दशकात प्रसिद्धीला आणलेला नमुना. आज स्कॉटिश सॅमनच्या पेट्यांत याच्याइतका भरवशाचा फ्लाय क्वचितच सापडेल. शेपटीला हरणाच्या शेपटीचे भडक नारिंगी केस, अंगाचा मागचा अर्धा भाग लाल फ्लॉस, पुढचा काळा, त्यावर सोनेरी ओव्हल टिन्सेल. वर आणि खाली करड्या खारीचे केस, त्यावर टिपेट, पुढे नारिंगी हॅकल, लाल डोकं.

या फ्लायचं सगळं रूप टिपेटवर आहे. टिपेट मध्यावर सपाट बसलं तर दोन काळे पट्टे वरून एकमेकांना समांतर दिसतात. ते तिरकं बसलं तर प्रवाहात फ्लाय एका बाजूला वळतो.

नंग्या दांडीवर बांधलेलं टिपेट हमखास फिरतं. दांडीवरचे सगळे खालचे तंतू काढायचे नाहीत. बांधायच्या जागी दोन्ही बाजूंचे चार-पाच तंतू ठेवायचे आणि त्यांच्यासकट वेढा टाकायचा. तंतू दांडीच्या दोन्ही अंगांना गादीसारखे पसरतात आणि पीस जागेवर राहतं. मग दांडी हलकेच पुढे ओढून लांबी जुळवायची. टोक गळाच्या वाकापाशी आलं की थांबायचं. ओढताना पहिल्या वेढ्यांखेरीज काही घट्ट नसावं.

दुसरी अडचण खारीच्या केसांची. केस जास्त झाले की त्यांच्या उंचवट्यावर टिपेट तंबूसारखं उभं राहतं. ८ क्रमांकाला वर आणि खाली प्रत्येकी वीसेक केस पुरे, त्याहून जास्त नकोत. केसांची मुळं कापताना कात्री तिरकी धरली की पुढच्या बाजूला उतार तयार होतो आणि हॅकलला जागा राहते. नेढ्याजवळची जागा संपणं हेच या फ्लायमधलं सर्वांत जास्त वेळ खाणारं दुखणं आहे. डोकं जाड झालं की वार्निश नेढ्यात शिरतं आणि दोरा ओवता येत नाही.

१२ क्रमांकाला अख्खं टिपेट कितीही लहान असलं तरी रुंद पडतं. तिथे दोन्ही बाजूंचे तंतू एकत्र घेतले : पिसाच्या एकेका बाजूचे दहाएक तंतू दांडीशी काटकोनात ओढायचे, टोकं एका रेषेत येईपर्यंत, आणि मगच कापायचे. टोकं एका रेषेत आली की काळे पट्टेही एका रेषेत येतात. आधी कापून मग टोकं जुळवायला गेलं तर पट्टे विस्कटतात, ते पुन्हा जुळत नाहीत.

१२ डिसेंबर : ॲमहर्स्टची टिपेट रंगवणं

मोठ्या ट्यूब फ्लायसाठी (गळाऐवजी नळीवर बांधलेल्या) गोल्डनची टिपेट अपुरी पडतात. लेडी ॲमहर्स्ट फेझंटची टिपेट मोठी असतात. ती पांढरी असून त्यांवर काळ्या पट्ट्या असतात, म्हणून रंग नीट घेतात. या पक्ष्याचं नाव सारा ॲमहर्स्ट यांच्यावरून पडलं. त्यांचे पती विल्यम ॲमहर्स्ट बंगालचे गव्हर्नर जनरल होते, आणि या पक्ष्याचा पहिला नमुना त्यांनी १८२८ मध्ये लंडनला पाठवला.

कृती : पिसं साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तासभर साध्या पाण्यात भिजत ठेवली. कोरडं पीस रंगात टाकलं तर ते डागाळतं. दोन लिटर पाणी, अर्धा चमचा नारिंगी आम्लरंग, ३० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर. पाणी ७० ते ७५ अंशांवर ठेवलं, उकळू दिलं नाही. उकळलं की तंतूंचा एकमेकांना धरण्याचा गुण जातो. पंधरा मिनिटांत रंग बसला. काळ्या पट्ट्या जशाच्या तशा. भांडं स्टीलचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका.

रंग ओला असताना दोन छटा गडद दिसतो. एक पीस काढून, टिपून, वाळवून बघा आणि मगच बाकीची काढा.

१८ डिसेंबर : जनरल प्रॅक्टिशनर

एझ्मंड ड्रुरी यांनी १९५३ मध्ये बांधलेला. जिथे कोळंबीचं आमिष लावायला बंदी होती तिथे कोळंबीसारखा दिसणारा फ्लाय हवा होता. लाल पिसांचं पाकीट इथे लागतं.

६ आणि ४ क्रमांक. मागे नारिंगी केसांच्या मिशा, अंगाच्या दीडपट लांब. त्यावर लाल छातीचं एक लहान पीस. त्यावर डोळे : मध्यम टिपेटच्या मधला भाग दांडीसह कापून उरलेले दोन सुळके, त्यांच्या टोकांवर काळ्या पट्ट्या. अंगाला नारिंगी डबिंग (धाग्यावर पिळलेले मऊ केस), सोनेरी टिन्सेल आणि अंगभर फिरवलेली नारिंगी हॅकल. पाठीवर अंगाच्या मध्यापासून एक आणि डोक्याजवळून एक लाल पीस, सपाट. मूळ कृतीतली सीलची फर आता सहसा वापरत नाहीत. अंगोरा शेळीच्या केसांचं डबिंग तसंच चमकतं.

डोळ्यांना वार्निश लावल्यावर ते घट्ट होतात, पण जाड थर दिला की फेकीतच मोडतात. पातळ वार्निशचा एक थेंब बोटांवर घेऊन त्यातून पीस एकदाच ओढायचं. दोन्ही सुळके रात्रभर वाळू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बांधायचे. ओलं वार्निश धाग्याखाली गेलं की सुळके एकमेकांना चिकटतात.

पाठीचं पीस बसवण्याआधी वरच्या बाजूची हॅकल दोन्हीकडे विंचरून घ्यायची किंवा कापायची. ती तशीच ठेवली की पीस तिच्यावर तरंगतं. वाकडी लाल पिसं इथे चालतात, उलट बरी पडतात. खोलगट बाजू खाली ठेवली की ती अंगाला कवचासारखी मिठी मारतात. सपाट पिसं शेपटीसाठी राखा. पाकिटं वेगळी केली होती ती याचसाठी.

पिसाच्या मुळाचा करडा कापूस पूर्ण काढा. तो पाणी धरतो आणि फ्लाय जड होतो.

३० डिसेंबर : रिंगनेकची शेपटी

मधल्या काळात ट्राउटसाठी थोडे निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखे दिसणारे फ्लाय. स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउटचा हंगाम १५ मार्चला उघडतो. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांचा नमुना, ज्यात धागाच नाही, फक्त बारीक तांब्याची तार. १४ क्रमांकाला तारेचा छोटा उंचवटा, शेपटीच्या मधल्या पिसाचे चार तंतू टोकांनी बांधून ३ मिलिमीटर शेपटी, मग तंतू तारेभोवती पिळून पुढे वेढत न्यायचे आणि उंचवट्यावरून मागे-पुढे दुमडायचे. पिळलं नाही तर पहिल्याच माशाच्या दातांनी तंतू सुटतात. तंतू तांबूस हवेत. कडेच्या पिसांचे फिके आणि आखूड निघतात.

६ जानेवारी : ब्लू इअर्डची हॅकल काळी करणं

ॲक्रॉइडला लांब, मऊ, काळी हॅकल लागते. मुळात ती बगळ्याच्या जातीच्या राखी पक्ष्याची, हेरनची. ब्रिटनमध्ये हेरन संरक्षित आहे, त्यामुळे आता ब्लू इअर्ड फेझंट. त्याच्या पिसांचे तंतू ओलेपणी हेरनसारखेच वाहतात. विकत घेताना नाव नीट वाचा. ब्राउन इअर्ड आणि व्हाइट इअर्ड या दोन्ही जाती सायटिसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट १ मध्ये आहेत, त्यांची पिसं घ्यायची नाहीत.

काळा रंग नारिंगीपेक्षा अवघड. रंग दुप्पट लागतो. पहिल्या काही मिनिटांत पिसं जांभळट होतात आणि तिथेच काढली तर जांभळटच राहतात. पण एकाच पाण्यात पाऊण तास ठेवलेली पिसं वाळल्यावर ठिसूळ निघाली आणि वेढताना दांड्या तुटल्या. दुसरा गठ्ठा असा केला : पंचवीस मिनिटं, गार पाण्यातून काढून विश्रांती, मग ताज्या रंगात व्हिनेगर वाढवून पुन्हा पंधरा मिनिटं. काळा पक्का बसला आणि दांडी लवचीक राहिली. पहिल्या गठ्ठ्यातली निम्मी पिसं गेली.

१२ जानेवारी : ॲक्रॉइड

चार्ल्स ॲक्रॉइड यांचा, १८७८ च्या सुमाराचा. डी नदीच्या जुन्या फ्लायपैकी सर्वांत ओळखीचा. लांब दांड्याचा १ क्रमांकाचा सिंगल गळ. शेपटीला सोनेरी तुरा आणि टिपेटचे काही तंतू. अंगाचा मागचा अर्धा भाग फिकं नारिंगी डबिंग, त्यावर लिंबू रंगाची हॅकल. पुढचा अर्धा काळं रेशीम, त्यावर काळी लांब हॅकल. गळ्याखाली टील बदकाची पट्टेरी पिसं. पंख म्हणजे दालचिनी रंगाच्या टर्की शेपटीच्या दोन पट्ट्या, सपाट, मागे उघडलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. गालांवर रानकोंबड्याची दोन पिसं, खाली झुकलेली.

शेपटी : आधी तुरा, मग फाटक्या टिपेटचे सहा तंतू तुऱ्याच्या निम्म्या लांबीचे. उलट क्रमाने बांधलं तर तंतू तुऱ्याला बाजूला सारतात.

काळी हॅकल : पीस वीस मिनिटं ओल्या कापडात ठेवलं, मग टोकाकडून बांधलं. टोकाकडे दांडी बारीक आणि तंतू आखूड, त्यामुळे अंगाच्या मध्यावर हॅकल लहान आणि डोक्याकडे लांब होत जाते. मुळाकडून बांधली तर उलट होतं. एका बाजूचे तंतू काढून टाकले. दोन्ही बाजू ठेवल्या तर इतकी दाट होते की प्रवाहात हलत नाही. टिन्सेलच्या मागच्या कडेला लागून चार वेढे. शेवटी अगदी बारीक ओव्हल टिन्सेल उलट दिशेने फिरवून दांडीवर बंदोबस्त केला. त्याशिवाय दांडी दगडावर घासून सुटते आणि सगळी हॅकल उकलते.

डीवर फ्लाय विरळच हवा. बँकरीजवळच्या केअर्नटनचे आर्थर वुड विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तरंगत्या दोरीवर छोटे, जेमतेम कपडे घातलेले फ्लाय फिरवत. ॲक्रॉइड मोठा असला तरी त्यालाही हाच नियम.

पंख : डाव्या आणि उजव्या पिसातून प्रत्येकी ३ मिलिमीटर रुंदीची पट्टी. एकाच पिसातून दोन्ही घेतल्या तर एकीचा बाक उलटा पडतो. एकेक पट्टी वेगळी बांधायची. वेढा पट्टीवरून सैल नेऊन सरळ खाली ओढायचा. आडवा ओढला की तंतू एकावर एक चढतात आणि पट्टी फाटते. फाटलेली पट्टी बोटांनी पुन्हा जुळते, पण दोनदाच. तिसऱ्यांदा नवी घ्या. आधी पलीकडची, मग अलीकडची. या टप्प्यावर इतर सगळ्या कामाहून जास्त वेळ गेला आणि तो कमी करायचा मार्ग सापडला नाही.

१५ जानेवारी : गालांची पिसं

हे पीस आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचं. राधानगरी, कोयना, चांदोलीच्या जंगलात ज्याची बांग ऐकू येते तोच. मानेच्या पिसांच्या टोकाला मेणासारखी चकचकीत पिवळी-पांढरी टिकली असते, आणि तिच्यासाठी हा पक्षी शंभरेक वर्षं मारला गेला. आज तो सायटिसच्या परिशिष्ट २ मध्ये आहे आणि भारतातून त्याच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी आहे. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची पिसं कागदपत्रांसह मिळतात. तेवढीच घ्या आणि पावती जपून ठेवा. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांनी जंगलात पडलेलं पीसही उचलू नये, आणि कोणी मान विकायला आणली तर घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न त्या पक्ष्याचा आहे.

पाकिटातल्या बऱ्याच टिकल्या उभ्या चिरलेल्या असतात. पातळ वार्निशचा थेंब मागून लावून दोन बोटांत मुळाकडून टोकाकडे ओढलं की चीर मिटते. वाळायला तासभर. दोन्ही गालांना एकाच लांबीच्या टिकल्या आधी जुळवून ठेवा. ॲक्रॉइडवर त्या पंखांना समांतर नव्हे, अंगाखाली झुकलेल्या बसतात. दांडी बांधायच्या जागी नखाने किंचित खाली मोडली की तो कोन मिळतो.

रानकोंबडा अजिबात नको असेल तर ॲक्रॉइड गालांशिवायही पोहतो. प्लॅस्टिकच्या नकली टिकल्या लावून पाहिल्या. त्या कडक असल्याने हॅकलला आतून दाबतात. त्यापेक्षा गाल रिकामे बरे.

२४ जानेवारी : पाण्याची चाचणी

बाथटबमध्ये दोरीला बांधून ओढून पाहिले. स्टोट्स टेल आणि ॲलीज श्रिंप सरळ पोहले, एक-दोन ॲलीज सोडून. त्यांची टिपेट तिरकी होती. धागा उसवून पुन्हा बसवली.

सिंगल गळावरचा ४ क्रमांकाचा जनरल प्रॅक्टिशनर आडवा झाला. पाठीची दोन रुंद पिसं पाण्याला पंखासारखी अडतात आणि एका गळाचं वजन त्यांना खाली धरायला पुरत नाही. दोन उपाय केले. काहींचं पाठीवरचं मधलं पीस काढलं, आणि नवे डबल गळावर बांधले. दोन्ही सरळ पोहतात. डबल गळावरच्यांत पूर्ण पाठ राहते, म्हणून पुढचे सगळे तसेच.

८ फेब्रुवारी : नदीवर

पाणी ३ अंश, किनाऱ्याला बर्फाची कड. अशा पाण्यात ट्यूब आणि मोठे ॲक्रॉइडच कामाचे. ८ आणि १० क्रमांकाचे फ्लाय एप्रिल-मेपर्यंत पेटीत राहतील.

ॲक्रॉइडची हॅकल अपेक्षेप्रमाणे वाहते, पंख प्रवाहात मिटून पुन्हा उघडतात. दालचिनी पट्ट्या दिवसभराच्या फेकींनी टोकांना फाटल्या. त्याने पोहण्यात फरक पडत नाही. उलट दिशेने टिन्सेल फिरवून बांधलेल्या हॅकलची एकही दांडी सुटली नाही. टिन्सेलशिवायच्या एका फ्लायची सुटली.

ओले फ्लाय पेटीत बंद केले तर गळ गंजतात आणि गंज सर्वांत आधी टिपेटच्या मुळाशी डाग पाडतो. घरी आल्यावर फ्लाय टिपकागदावर रात्रभर उघडे, उन्हापासून दूर. तुरे वाकले असतील तर उकळत्या किटलीच्या वाफेवर दोन-तीन सेकंद धरा, बाक परत येतो. त्याहून जास्त वेळ धरलं तर वार्निश पांढरं पडतं.

कातड्यात उरलेलं : मोठी टिपेट भरपूर, पिवळी कंबर जवळजवळ पूर्ण, शेंदरी पिसं, शेपटीची ठिपकेदार पिसं. आखूड तुरे आणि लहान टिपेट संपत आले आहेत. पुढच्या हिवाळ्यात पूर्ण कातडं लागणार नाही, फक्त डोकं आणि मान, तीही लहान चणीच्या पक्ष्याची. उरलेलं सगळं पाकिटांसह पुन्हा हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवलं.